कृष्ण ऊर्जा, बदललेलं गुरुत्वाकर्षण आणि ऊष्मागतिकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गणित शिकवतो, खगोलशास्त्रज्ञ नाही. पण एमएस्सीच्या मुलांपासून लग्नात भेटणाऱ्या काकांपर्यंत सगळे या विषयावर तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही प्रश्न सोपे आहेत, ते लवकर संपतील. एन्ट्रॉपीचं (म्हणजे अव्यवस्थेच्या मापाचं) गणित थोडं सावकाश वाचा.

कृष्ण ऊर्जा आणि कृष्ण पदार्थ एकच का?

नाही. कृष्ण पदार्थ दिसत नाही, पण खेचतो. दीर्घिका त्याच्यामुळे एकत्र टिकतात. कृष्ण ऊर्जा कुठे गोळा होत नाही, सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि विश्वाचं प्रसरण वेगानं वाढवते. प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार आजच्या विश्वात साधा पदार्थ सुमारे ५ टक्के, कृष्ण पदार्थ २७ टक्के आणि कृष्ण ऊर्जा ६८ टक्के आहे.

६८ टक्के? मग आपल्याला ती जाणवत का नाही?

फार विरळ आहे म्हणून. एका घनमीटरमध्ये जेमतेम साडेतीन प्रोटॉनच्या वस्तुमानाइतकी. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या जागेतली कृष्ण ऊर्जा गोळा केली तर ती साधारण ६ मिलिग्रॅम भरेल, म्हणजे दोन तीळ. पण दीर्घिकांच्या मधली पोकळी इतकी अफाट आहे की शेवटी पारडं तिळांचंच जड होतं.

हे सगळं कधी कळलं?

१९९८ साली. सॉल पर्लमटर यांचा एक गट आणि ब्रायन श्मिट व अॅडम रीस यांचा दुसरा गट, दोघेही 'वन-ए' प्रकारच्या सुपरनोव्हांची (स्फोट होणाऱ्या, जवळपास सारख्याच तेजाच्या ताऱ्यांची) अंतरं मोजत होते. प्रसरण किती मंदावतंय ते शोधायला निघाले होते. निघालं उलटंच: लांबचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा अंधुक दिसत होते, म्हणजे १० ते १५ टक्के जास्त दूर होते. प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं. तिघांना २०११ चं नोबेल मिळालं. आजच्या आकड्यांवरून हिशेब केला तर हा वेग घेण्याचा काळ सुमारे ६ अब्ज वर्षांपूर्वी सुरू झाला.

आइनस्टाइनचा स्थिरांक आहेच की. मग इतकी मॉडेलं कशाला?

प्रश्न रास्त आहे. १९१७ साली आइनस्टाइननं समीकरणात घातलेला लॅम्डा आजही बहुतेक निरीक्षणांशी जुळतो. अडचण त्याच्या किमतीची आहे. लॅम्डा म्हणजे पोकळीची ऊर्जा असं मानून पुंज सिद्धांतानं ती मोजायला गेलं, तर सरळसोट हिशेबात उत्तर निरीक्षणापेक्षा १० च्या १२० व्या घाताइतकं मोठं येतं. दुसरी अडचण योगायोगाची: पदार्थाची घनता प्रसरणाबरोबर घटत जाते, लॅम्डाची तशीच राहते, आणि दोघी नेमक्या आपल्याच काळात एकमेकींच्या आसपास आल्या आहेत. यातून सुटका म्हणून लोक दोन वाटांनी गेले. काहींनी समीकरणाची उजवी बाजू बदलली, म्हणजे नवा पदार्थ आणला. काहींनी डावी बाजू, म्हणजे गुरुत्वाकर्षणच बदललं.

या मॉडेलांत सतत येणारा हा 'डब्ल्यू' काय प्रकार आहे?

दाब भागिले ऊर्जाघनता. धुळीसाठी शून्य, प्रारणासाठी (प्रकाश वगैरे) एक तृतीयांश, लॅम्डासाठी बरोबर उणे १. विश्वाचं प्रसरण वेग घ्यायचं तर एकूण डब्ल्यू उणे एक तृतीयांशपेक्षा खाली हवा. कारण साधं आहे: आइनस्टाइनच्या गणितात दाबसुद्धा गुरुत्व निर्माण करतो, आणि त्याला तिप्पट वजन आहे. दाब पुरेसा ऋण झाला की खेचण्याचं ढकलणं होतं. रायचौधुरी समीकरण, जे कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी १९५५ साली दिलं, ते हेच अगदी नेमकं सांगतं.

उजव्या बाजूची मुख्य मॉडेलं कोणती?

क्विंटेसन्स: हळूहळू उतारावरून घसरणारं एक अदिश क्षेत्र (प्रत्येक जागी फक्त एक संख्या, दिशा नाही), डब्ल्यू उणे १ पेक्षा थोडा वर. फँटम: डब्ल्यू उणे १ च्या खाली. यात ऊर्जाघनता प्रसरणाबरोबर चक्क वाढते आणि डब्ल्यू तसाच राहिला तर शेवटी दीर्घिका, तारे, अणू सगळं फाटतं. चॅप्लिगिन वायू: दाब घनतेच्या व्यस्त प्रमाणात आणि ऋण. विमानाच्या पंखांच्या गणितातून आलेलं हे समीकरण २००१ साली विश्वाला लावलं गेलं. सुरुवातीला धुळीसारखं, नंतर लॅम्डासारखं वागतं, त्यामुळे एकाच पदार्थात दोन्ही कृष्ण गोष्टी बसतील अशी आशा होती. दीर्घिकांच्या वाटणीशी ते जुळेना, आणि मूळ रूप मागे पडलं.

होलोग्राफिक कृष्ण ऊर्जा मला स्वतःला सगळ्यात चतुर वाटते आणि सगळ्यात खटकतेही. एखाद्या जागेत किती ऊर्जा मावू शकते याला कृष्णविवराची मर्यादा लावायची, म्हणजे घनता जागेच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. लांबी म्हणून हबल त्रिज्या (प्रकाशाचा वेग भागिले प्रसरणाचा दर) घेतली तर प्रसरण वेग घेत नाही. म्हणून मियाओ ली यांनी २००४ साली भविष्यातलं घटनाक्षितिज (ज्याच्या पलीकडून प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही ती सीमा) घेतलं. काम झालं, पण आजची ऊर्जा ठरवायला विश्वाचं पूर्ण भविष्य माहीत असावं लागतं. लग्नाचं बजेट नातवंडांच्या संख्येवरून ठरवण्यासारखंच की!

यात नारळीकरांचा काही संबंध?

आहे, आणि तो उगाच जोडलेला नाही. फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांनी १९६० च्या दशकात सी-फील्ड म्हणजे निर्मितीक्षेत्र वापरलं. त्याची ऊर्जा ऋण होती. आज फँटम क्षेत्राची गतिज ऊर्जा ऋण लिहितात, ती हीच युक्ती. शिवाय त्यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात (विश्व पसरतं, पण नवा पदार्थ बनत राहून सारखंच दिसतं) हबल-दर, म्हणजे प्रसरणाचा दर, कायम राहतो, म्हणजे प्रसरण वेग घेत असतं. तो सिद्धांत पार्श्वप्रारणामुळे (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणामुळे) मागे पडला, ते योग्यच झालं. पण सी-फील्डला तेव्हा हसणाऱ्यांच्या नंतरच्या पिढीनं तीच चिन्हं नव्या नावानं लिहिली, हे विसरू नये.

गुरुत्वाकर्षण 'बदलायचं' म्हणजे नक्की काय करायचं?

आइनस्टाइनचा सिद्धांत एका राशीतून उलगडतो: अवकाशकालाची वक्रता, 'आर'. ती जशीच्या तशी न घेता तिचं एखादं फलन (फंक्शन) घेतलं की एफ(आर) सिद्धांत झाला. १९८० साली स्टारोबिन्स्कींनी 'आर'च्या जोडीला 'आर'चा वर्ग घेतला, तो अतिसुरुवातीच्या झपाट्याच्या प्रसरणासाठी. आजच्या प्रसरणासाठी 'आर' लहान असताना परिणाम करणारं फलन लागतं. २००७ चं हू-साविकी मॉडेल त्याचं नेहमीचं उदाहरण. वक्रतेऐवजी अवकाशकालाचा पीळ (टॉर्शन) घेतला की एफ(टी). वक्रतेबरोबर पदार्थाच्या ताण-ऊर्जेचा ट्रेसही (तिच्या कर्णावरच्या घटकांची बेरीज) फलनात घातला की २०११ चं एफ(आर,टी). अमेट्रिकता (समांतर सरकवताना लांबी बदलणं) घेतली की एफ(क्यू). एफ(टी) आणि एफ(आर,टी) यांतल्या 'टी' वेगळ्या, हे परीक्षेत दरवर्षी कुणीतरी चुकतं.

सूर्यमालेत तर आइनस्टाइन बरोबर निघतो. मग बदल लपतो कुठे?

दाट जागी. २००४ साली खौरी आणि वेल्टमन यांनी मांडलेली सरडा युक्ती अशी: गुरुत्वाकर्षण बदललं की जे नवं क्षेत्र येतं त्याचं वस्तुमान भोवतालच्या घनतेवर ठरतं. पृथ्वीजवळ ते जड, त्यामुळे त्याचा पल्ला तोकडा. पोकळीत हलकं, पल्ला लांब. ज्या एफ(आर) मॉडेलात असं काही नाही, ते सूर्याजवळच नापास होतं.

ऊष्मागतिकीचा इथे काय संबंध? ती तर वाफेच्या इंजिनाची.

इथून मुद्दा रंगतो. १९७० च्या दशकात बेकनस्टाइन आणि हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवराच्या क्षितिजाला एन्ट्रॉपी असते, आणि ती आकारमानावर नाही, पृष्ठफळावर ठरते: पृष्ठफळाचा चौथा हिस्सा, प्लँक एककांत (निसर्गाच्या स्थिरांकांपासून बनलेल्या एककांत). १९७७ साली गिबन्स आणि हॉकिंग यांनी तेच विश्वाच्या क्षितिजाला लावलं. मग १९९५ साली टेड जेकबसन यांनी गाडी उलटी हाकली. क्षितिजाची एन्ट्रॉपी पृष्ठफळाच्या प्रमाणात आहे एवढं धरा, 'उष्णता म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल' हे प्रत्येक छोट्या क्षितिजाला लावा, आणि आइनस्टाइनचं समीकरण आपोआप बाहेर येतं. म्हणजे ते समीकरण वायूच्या दाब-आकारमान नियमासारखं अवस्था समीकरण असू शकतं. सायकलच्या ट्यूबमधल्या हवेचा दाब सांगायला रेणू मोजावे लागत नाहीत, तसं.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत थानू पद्मनाभन यांनी हाच धागा जवळजवळ दोन दशकं ओढला. त्यांचा युक्तिवाद बोल्ट्झमनच्या धर्तीवर होता: जे तापवता येतं, त्याला आत काहीतरी सूक्ष्म रचना असतेच. अवकाश तापतं, मग त्याचेही 'रेणू' असले पाहिजेत. लँक्झोस-लव्हलॉक प्रकारच्या गुरुत्वाकर्षणातसुद्धा (आइनस्टाइनच्या सिद्धांताचं जास्त मितींतलं रूप) क्षितिजाजवळची समीकरणं ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाच्या, म्हणजे ऊर्जेच्या जमाखर्चाच्या, रूपात लिहिता येतात, हे त्यांच्या गटानं दाखवलं. २०१२ साली त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं: क्षितिजावरच्या आणि आतल्या स्वातंत्र्यमात्रांची (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या राशींची) संख्या सारखी नाही, आणि त्या फरकामुळेच अवकाश वाढतं. पद्मनाभन २०२१ साली गेले. हा कार्यक्रम पूर्ण झालेला नाही.

विश्वाचं क्षितिज केवढं आणि किती गरम?

सपाट विश्वात दृश्य क्षितिजाची (जिथे दीर्घिका प्रकाशवेगानं लांब जातात त्या सीमेची) त्रिज्या म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले हबल-दर. प्लँकचा ६७.४ (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक) हा दर घेतला तर ती सुमारे १४.५ अब्ज प्रकाशवर्षं येते. एन्ट्रॉपी बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात १० च्या १२२ व्या घाताची. विश्वातल्या सगळ्या महाकाय कृष्णविवरांची मिळून एन्ट्रॉपी १० च्या १०४ व्या घाताच्या आसपास येते, म्हणजे क्षितिजापुढे ती खिजगणतीत नाही. तापमान २.७ गुणिले १० चा उणे ३० वा घात, केल्व्हिनमध्ये. पार्श्वप्रारणाचं तापमानही २.७ केल्व्हिन. अंक सारखे येणं हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कृपया अध्यात्म शोधू नका.

ऊष्मागतिकीचा दुसरा नियम (एन्ट्रॉपी घटत नाही) तपासतात तो कसा? एकदा करून दाखवा.

क्षितिजाची एन्ट्रॉपी अधिक आतल्या पदार्थाची एन्ट्रॉपी, यांची बेरीज घटता कामा नये. याला सामान्यीकृत दुसरा नियम म्हणतात. क्षितिजाची त्रिज्या वाढण्याचा वेग प्रकाशवेगाच्या पटीत मोजा आणि त्याला 'व' म्हणा. आइनस्टाइनच्या सिद्धांतात हा 'व' म्हणजे दीड गुणिले (१ अधिक एकूण डब्ल्यू).

क्षितिजाची एन्ट्रॉपी वाढण्याचा दर 'व'च्या प्रमाणात. आतल्या पदार्थाचा दर, तापमान क्षितिजाचंच धरलं तर, त्याच प्रमाणात 'व' गुणिले (व उणे १). आता बेरीज करा: व, अधिक व-वर्ग, उणे व. उरला व-वर्ग.

आजचे आकडे घालून बघा. पदार्थ ३१.५ टक्के, म्हणून 'व' सुमारे ०.४७. क्षितिज आत्ता, तुम्ही हे वाचताना, दर सेकंदाला जवळजवळ १ लाख ४० हजार किलोमीटर बाहेर सरकतंय. तिथल्या दीर्घिका मात्र प्रकाशवेगानं लांब जात आहेत, म्हणून त्या बाहेर पडतात आणि आतली एन्ट्रॉपी घटते: उणे ०.२५. क्षितिजाची वाढ ०.४७. निव्वळ ०.२२. नियम पाळला गेला.

आता फँटम घाला. 'व' ऋण झाला, क्षितिज आकसायला लागलं, त्याची एन्ट्रॉपी घटायला लागली. पण बेरीज? व-वर्ग. वर्ग ऋण होत नाही.

म्हणजे कुठलंही मॉडेल पासच होणार?

आइनस्टाइनच्या सिद्धांतात, दृश्य क्षितिजावर आणि वर धरलेल्या तापमानाला, हो. हे मला उशिरा कळलं. माझ्या पहिल्या पेपरात मी एक आलेख काढून अभिमानानं लिहिलं होतं की 'आमचं मॉडेल दुसरा नियम पाळतं'. नंतर एका सहकाऱ्यानं खडूनं तीन ओळींत वरचं गणित फळ्यावर मांडलं. ज्या परीक्षेत कुणी नापास होत नाही तिच्या गुणपत्रिकेचा आलेख मी छापून आणला होता.

लॅम्डाचा 'व' शून्य, म्हणून बेरीजही शून्य: एन्ट्रॉपी वाढत नाही, घटत नाही, समतोल. हा एक निकाल मात्र खरोखर काही सांगतो.

बदललेल्या गुरुत्वाकर्षणात काय वेगळं होतं?

तिथे परीक्षेला थोडा अर्थ येतो. वॉल्ड यांच्या १९९३ च्या सूत्रानुसार एफ(आर)मध्ये क्षितिजाची एन्ट्रॉपी फक्त पृष्ठफळ नसते. पृष्ठफळाला एफच्या 'आर'सापेक्ष पहिल्या विकलजानं (डेरिव्हेटिव्हनं) गुणावं लागतं. हा गुणक काळाबरोबर बदलतो, त्यामुळे बेरीज नेटका वर्ग राहत नाही. २००६ साली एलिंग, गुएडेन्स आणि जेकबसन यांनी दाखवलं की एफ(आर)साठी समतोल ऊष्मागतिकी पुरत नाही, क्षितिजावर आतल्या आत निर्माण होणाऱ्या एन्ट्रॉपीचं एक जादा पद लागतं. काही लोक तेच पद 'कृष्ण ऊर्जेच्या प्रवाहा'त ढकलून समतोलाचं चित्र परत आणतात. दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण मग 'आमच्या मॉडेलात समतोल आहे' हे वाक्य निसर्गाबद्दल आहे की तुमच्या हिशेबवहीबद्दल, असं विचारायला हवं.

एक गोष्ट मात्र ठाम सांगता येते. तो पहिला विकलज धन हवा, नाहीतर एन्ट्रॉपी ऋण आणि ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा कण) भूत, म्हणजे ऋण ऊर्जेचा होतो. दुसरा विकलजही धन हवा, नाहीतर पदार्थात मॉडेल क्षणात अस्थिर होतं. पेपर हातात आला की आधी या दोन अटी बघा.

आतलं आणि क्षितिजाचं तापमान सारखं धरणं पटतं का?

मला नाही. पार्श्वप्रारण २.७ केल्व्हिन, क्षितिज त्याहून १० च्या ३० व्या घाताइतक्या पटीनं थंड. उकळता चहा आणि बर्फाची लादी यांना एका तापमानाचं म्हणणं यापेक्षा बरं. कृष्ण ऊर्जेचं स्वतःचं तापमान कुणी मोजलेलं नाही, आणि दूर भविष्यात प्रारण थंड होत जाईल, हे दोन बचाव नेहमी दिले जातात. दुसऱ्यात थोडा दम आहे.

त्सॅलिस, बॅरो वगैरे नव्या एन्ट्रॉप्या कशासाठी?

क्षितिजाच्या एन्ट्रॉपीत पृष्ठफळाचा घात १ ऐवजी थोडा वेगळा घ्यायचा. जॉन बॅरो यांना २०२० साली कोविड विषाणूच्या चित्रांवरून खडबडीत क्षितिजाची कल्पना सुचली. घात बदलला की फ्रीडमन समीकरणात (जे प्रसरणाचा दर सांगतं) नवं पद येतं, ते कृष्ण ऊर्जेचं काम करू शकतं. निरीक्षणं मात्र घात जवळजवळ १ च ठेवायला सांगतात.

२०१७ मध्ये बरीच मॉडेलं मेली म्हणतात, ते काय?

१७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. एवढ्या प्रवासात एवढाच फरक, म्हणजे दोघांचा वेग १० च्या उणे १५ व्या घातापर्यंत सारखा. ज्या सिद्धांतांत गुरुत्वलहरी वेगळ्या वेगानं जातात त्यांचा मोठा गट एका दुपारीच बाद झाला. एफ(आर) वाचलं, तिथे वेग प्रकाशाचाच असतो. कृष्ण ऊर्जेच्या मॉडेलांना एन्ट्रॉपीच्या शंभर आलेखांनी जे केलं नाही ते या पावणेदोन सेकंदांनी केलं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होतेय. २०२३ साली केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. त्यामुळे अशा लहरी आकाशात नेमक्या कुठून आल्या ते जास्त चांगलं कळेल.

डेसीनं लॅम्डा खोटा ठरवला का?

नाही. अॅरिझोनातल्या किट पीकवरच्या ४ मीटर दुर्बिणीवर ५,००० रोबोटिक तंतू बसवून डेसी दीर्घिकांचा नकाशा काढतं. मार्च २०२५ च्या निकालात, सुपरनोव्हांचा कुठला संच जोडला त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा (सांख्यिकी खात्रीचं माप) इतका कल बदलत्या डब्ल्यूकडे दिसला. शोध म्हणायला ५ लागतो. गंमत म्हणजे कल असा आहे की डब्ल्यू पूर्वी उणे १ च्या खाली होता आणि आता वर आलाय. साधं एकच अदिश क्षेत्र ही रेषा ओलांडू शकत नाही, बदललेलं गुरुत्वाकर्षण ओलांडू शकतं. हे टिकलं तर डाव्या बाजूवाल्यांचे दिवस येतील.

पीएचडीसाठी हा विषय घेऊ का?

अमरावती-नागपूरकडच्या गणित विभागांतून बियांकी मॉडेलांवर (वेगळ्या दिशांना वेगळं प्रसरण) आणि एफ(आर,टी)वर ढिगानं पेपर निघतात, मीही त्याच गावचा. नेहमीची कृती अशी: प्रसरणाचा नियम हातानं निवडायचा, समीकरणांतून दाब आणि घनता काढायची, आलेख काढायचे, शेवटी ऊर्जा-अटी (घनता आणि दाबावरच्या मर्यादा) आणि दुसरा नियम. यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. विषय घ्या, पण एक तरी गोष्ट अशी तपासा जी चुकू शकते: खऱ्या सुपरनोव्हांच्या आकड्यांवर बसवणं, किंवा दीर्घिकांच्या वाढीचा दर. आयुकातल्या वरुण साहनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दिलेली स्टेटफाइंडर जोडी (प्रसरण कसं बदलतं त्यावरून काढलेल्या दोन संख्या) वापरा. लॅम्डासाठी ती कायम १ आणि ० असते, तुमचं मॉडेल तिथून किती ढळतं ते लगेच दिसतं.

शेवटी विश्वाचं काय होणार?

लॅम्डा खरा असेल तर हबल-दर घसरत ५६ च्या आसपास थांबेल, क्षितिज १७.५ अब्ज प्रकाशवर्षांवर येऊन स्थिरावेल, 'व' शून्य होईल. आजच्यापेक्षा एन्ट्रॉपी जेमतेम दीडपट झालेली असेल. तिथून पुढे वाढायला जागा नाही.